न टाकलेला घात

पंधरा वर्षांनी कुंदनसिंग पटांगणातली भिंत ओलांडून आला आणि उंबऱ्याशी टोपी हातात धरून उभा राहिला, तेव्हा गोविंदी मडुव्याचं, म्हणजे नाचणीचं, पीठ मळत होती. हा तिचा धाकटा दीर. तिच्या लग्नात सहा वर्षांचा होता, तिच्याच हातचं खाऊन वाढला होता. तिनं मान वर केली नाही, कारण केली असती तर तिचे भरलेले डोळे त्याला दिसले असते...

"भौजी, हंसाला पुन्हा दिवस गेलेत."

हंसा ही कुंदनची सून, त्याच्या मुलाची, हयातची बायको. आधीची दोन पोटातच गेली होती.

"मग तिला दूधतूप दे. माझ्याकडे काय आलास?"

"भगताच्या अंगात देव आला, तो म्हणाला, घरावर घात आहे. तू टाकलेला. तो उचल."

गोविंदीचे हात पिठातच थांबले.

त्या पहाडात अन्याय झालेल्यानं डोंगरावरच्या गोलूदेवापुढे मूठभर तांदूळ टाकून न्याय मागितला, की देव समोरच्याच्या पिढ्यांना सोडत नाही, असं मानतात. टाकणाऱ्यानंच देवळात उभं राहून तो परत घेतला तरच सुटका. गोविंदीचा नवरा गेला आणि कुंदनच्या बायकोनं, वांझेची सावली नको म्हणून, नऊ वर्षांच्या हयातला तिच्या मांडीवरून ओढून नेलं. ज्याला तिनं जन्मापासून उराशी धरून वाढवलं, त्या लेकराच्या आणि तिच्या मधे कुंदननं भिंत बांधली. त्याच दिवशी ती मुठीत तांदूळ घेऊन डोंगर चढली, हे साऱ्या गावानं पाहिलं. पण देवापुढे दिवसभर बसूनही तिला ती मूठ उघडता आली नव्हती. हयातच्या वंशावर ती काय म्हणून घात टाकणार? तांदूळ तसेच परत आले. तिला कुणी विचारलं नाही. पुढे गावात म्हैस मेली तरी लोक तिच्या दाराकडे बघत, आणि ती एकटी चुलीशी बसून स्वतःशीच बोलत राही.

मी टाकलाच नाही, हे शब्द ओठांशी आले. पण मानणार कोण? आणि मानलं तरी त्या पोरीच्या काळजातली भीती कुठे जाणार...

"येते," ती म्हणाली.

चैत्रातली नवरात्र होती. बुरांशाची झाडं लालभडक फुलली होती, वाटेवर जत्रा लोटली होती. हयात पुढे चालत होता, एकदाही मागे न बघता. चहाच्या टपरीशी शेजारची बचुली बसली होती.

"गोविंदी, यंदा मूठ रिकामी आणलीस ना गं? की अजून कुणी राहिलंय?"

"तूच राहिलीस. पण तुझ्यासाठी एका मुठीत भागायचं नाही, म्हणून थांबलेय."

हंसाला फिसकन हसू आलं, आणि लगेच घाबरून तिनं पोटावर हात ठेवला. गोविंदीनं ते पाहिलं.

देवळात हजारो घंटा वाजत होत्या, गाऱ्हाण्यांचे कागद वाऱ्यावर फडफडत होते. या देवाच्या जन्मावेळीच आईच्या सवतींनी त्याच्या जागी वरवंटा ठेवून त्याला नदीत सोडलं होतं. खोटेपणानं ज्याची आई हिरावली, त्याच्यापुढे तिला खोटं बोलायचं होतं.

"आधी ज्यानं केलं त्यानं बोलावं," पुजारी म्हणाला.

"मी भिंत बांधली. हिचं लेकरू हिच्यापासून तोडलं." कुंदन हात जोडून म्हणाला.

"आता तू, बाई. मनापासून. खोटं याला चालत नाही."

हंसाची नजर गोविंदीच्या ओठांवर खिळली होती. गोविंदीनं मनात म्हटलं, देवा, काय पाप लागायचं ते मला एकटीला लाव...

"मी टाकलेला घात मी परत घेते."

हंसानं कोंडलेला श्वास सोडला आणि ती हमसून रडू लागली. हयातनं पंधरा वर्षांत पहिल्यांदा गोविंदीच्या तोंडाकडे पाहिलं. लहानपणी तो तिला ठुली ईजा, मोठी आई, म्हणायचा.

"दोन लेकरं गेली, ठुली ईजा. एवढा राग होता?"

"होता," ती म्हणाली.

मग रीतीप्रमाणे दीर-भावजय एका पत्रावळीवर जेवायला बसली, पलीकडे हयात आणि हंसा. कुंदनचा घास हातातच राहिला. घंटांच्या गजरात तो पुटपुटला,

"भौजी, त्या दिवशी मी तुझ्या मागोमाग वर आलो होतो. देवदाराआड उभा होतो. तू मूठ उघडली नाहीस."

गोविंदी त्याच्याकडे वळली. "तुला माहीत होतं? इतकी वर्षं?"

"तू घात टाकलास असं लोक म्हणत, तोवर माझी भिंत बरोबर ठरत होती." त्यानं तोंड पुसलं. "आत्ता सांगतो हयातला."

तो उठू लागला तशी तिनं त्याचं मनगट धरलं, सहा वर्षांच्या पोराचं धरावं तसं घट्ट.

"खाली बस. सांगितलंस तर, घात नव्हता मग दोन लेकरं कशानं गेली, म्हणून ती पोर पुन्हा भीतीनं वाळेल. अजून सहा महिने काढायचेत तिला."

"आणि तू?"

"तुला माहीत आहे, देवाला माहीत आहे. मला पुरे."

कुंदन मान खाली घालून रडू लागला.

"रडता कशाला बाबू?" हयात पलीकडून बापाला म्हणाला. "सुटलो ना आपण."

गोविंदीनं पुरीचा तुकडा मोडला, त्यावर शिरा घेतला आणि हात हंसाकडे लांबवला.

"खा गं. गार होतंय."

हंसानं एकवार तिच्याकडे पाहिलं, आणि मुळीच न घाबरता तो घास तिच्या हातून तोंडात घेतला.