फिडेलियाचा दोर

पोर्टस्केलमध्ये करण्यासारखं काय आहे, हे पाहुण्यांना सांगायची माझी नोकरी. कॉलेज शिकून हेच. बंदरावरच्या लाकडी खोपटात बसायचं आणि एडिनबरोहून कालच घेतलेल्या रेनकोटांत आलेल्यांना सांगायचं: सील बघा, तळलेला हॅडॉक मासा खा, पक्ष्यांना चिप्स घालू नका. ते घालतात. मग पक्ष्यानं बोट फोडलं की तक्रार माझ्याकडेच.

त्या दुपारी धुकं उतरलं होतं. होड्या सगळ्या आत होत्या. धक्क्याच्या टोकाची घंटा आमच्याकडे होडी बाहेर असेल तेव्हाच वाजवतात, तिला वाट सापडावी म्हणून. एरवी तिला कुणी हात लावत नाही. मला हा अडाणीपणा वाटायचा; पण हात मीही लावला नव्हता.

"तेवढी घंटा वाजवू नका हं," प्रॉक्टर नावाच्या गृहस्थांना मी सांगितलं.

"का? भूत येतं?" ते बायकोकडे वळले. "बघ, करण्यासारखं काहीतरी सापडलं एकदाचं!"

आणि वाजवली. दणादण. बाईंनी फोटो काढला.

मी धावले. "सोडा ते! पुरे!"

"अहो, केवढ्या दचकता तुम्ही!"

दचकते मी. दार आपटलं तरी दचकते. ते दोघं हसत कॉफी प्यायला गेले आणि मी घंटेचा लोलक मुठीत धरून थांबवला. सगळं गप्प झालं. मग धुक्यातून जुन्या इंजिनाची धाप ऐकू आली... डिझेलचा वास, ओल्या डांबराचा वास... आणि एक दोर सरळ माझ्या अंगावर आला.

प्रॉक्टर असते तर बाजूला सरले असते. धक्क्यावर वाढलेलं माणूस फेकलेला दोर झेलतं, विचार न करता. मी झेलला, खुंटाला गुंडाळून बांधलासुद्धा. मग वर पाहिलं. दोर धुक्यात जात होता. पलीकडे काहीच दिसत नव्हतं. तरी तो ताठ होता.

शेडमध्ये जाळं विणणारी जेसी मावशी बाहेर आली. "कुणाची होडी गं, इसोबेल?"

"दिसत नाही..."

तिनं दोराला बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं. "अंबाडीचा आहे. असला दोर आता कोण वापरतं? शेवटचा फिडेलियावर होता."

फिडेलिया माझ्या जन्माआधी बुडाली. माझे बाबा तिच्यावरच असत. त्या फेरीला तापानं घरी राहिले. बाकी कुणी परतलं नाही.

"दोर झेलणाऱ्याच्या घरी खलाशांचा चहा," मावशी पुटपुटली. "रीत आहे आपली. तुझ्या बापाला, अ‍ॅलिकला, न्यायला आलेत गं, पोरी..."

बाबा घरी एकटे होते. मी गाठीवर नखं मोडली, दात लावले, शेवटी दोर सुटला आणि सळसळत पाण्यात गेला. इंजिनाची धाप लांब लांब गेली. मला रडू आलं, मग हसूही आलं. प्रसंगी डोकं चालवणारी मीच एकटी, असं वाटलं मला. तशीच पळत घरी गेले.

स्वयंपाकघरात डिझेलचा वास होता.

बाबा टेबलाशी बसले होते. समोर मोठे मग, रिकामे, अजून वाफ निघणारे. खुर्च्यांखाली पाण्याची थारोळी. फक्त बाबांचा मग भरलेला.

"बाबा... कोण आलं होतं?"

"हळू बोल. चल म्हणाले. मी म्हटलं, आधी अंग शेका, चहा घ्या, माझाही संपला की बघू." त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "होडी नीट बांधली आहेस ना?"

"सोडून दिली. गेली ती!"

बाबांनी आपला भरलेला मग दूर सारला.

"माणसं उतरल्यावर सोडलीस? मग आता ही जाणार कशानं...?"

वरच्या खोलीत कुणीतरी जड बूट काढून ठेवला. मग दुसरा. मग आणखी कुणीतरी.

बाबा आहेत अजून. रोज संध्याकाळी ते सगळे मग मांडतात आणि आपल्या मगाला तोंड लावत नाहीत. वर जायचा जिना मी तेव्हापासून कोरडा पाहिलेला नाही.

वसंतात प्रॉक्टर पुन्हा आले, रेनकोट तेच, प्रश्नही तेच. घंटेचं त्यांना आठवतसुद्धा नव्हतं. तुमच्या घरातली वरची खोली मिळेल का राहायला, म्हणाले.

"भरलेली आहे," मी म्हटलं.

"हो, दिसले ना," बाई म्हणाल्या. "खिडकीतून हात केला त्यांनी. किती प्रेमळ! पण पाऊस नसताना सगळे इतके भिजलेले कसे हो?"