निळ्या खिडकीखालचा थांबा

गटात एक छत्री जास्त होती.

गाईड मुलीनं पुन्हा मोजणी केली. शहरातल्या जुन्या वस्त्या पायी फिरवून दाखवणं हा तिचा धंदा. या धंद्यात माणूस कमी भरला की जीव खाली-वर होतो आणि जास्त भरला की कपाळाला आठी पडते. कमी भरलेला कुठेतरी भाव करत उभा असतो. जास्त भरलेला फुकटात ऐकत असतो.

फुकटात ऐकणारा करड्या छत्रीखाली होता. बूट चकचकीत, म्हणजे फिरस्ता नव्हे. गळ्यात कॅमेरा नाही, म्हणजे पाहुणाही नव्हे. गाईड लोकांची पारख जोड्यांपासून सुरू होते, चेहऱ्यापर्यंत पोचायला सवडच होत नाही. हिला तर लांबचे चेहरे तसेही जरा पुसटच दिसत. पण सगळ्यांनाच तसे दिसत असतील, अशी तिची प्रामाणिक समजूत होती.

पाऊस भुरभुरत होता आणि गट नेहमीच्या थांब्यावर आला होता. अलीकडे लोकरबाजार, पलीकडे रंगाऱ्यांची आळी आणि मध्ये ही अरुंद गल्ली. लोकरबाजारात डोंगरातून उतरलेल्या कुटुंबांची दुकानं होती. तिथे निम्मा गट मफलरी गळ्यात घालून बघण्यात अडकायचा. मागचे गोळा होईपर्यंत पुढच्यांना कुठेतरी थोपवून धरणं भाग होतं. पण थोपवायचं कशावर? गल्लीत बघण्यासारखं शपथेलाही काही नव्हतं. चष्म्याचं एक दुकान, त्यावर एक निळी खिडकी, खिडकीत एक पोक्त बाई.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात गाईडनं त्या बाईला एक खलाशी जोडून दिला.

“समुद्रापलीकडून आलेल्या लोकांची ही गल्ली,” आवाज खाली आणत ती म्हणाली, “आणि ती खिडकी... ऐन तारुण्यात त्या बाईनं एका खलाशाला शब्द दिला. जहाज सुटलं. तो हात हलवत राहिला, लहान लहान होत गेला... ती अजून उभीच आहे. रोज. याच वेळी. नीट बघा — डोळ्यांच्या कडा अजून ओल्या आहेत.”

बायकांनी सुस्कारे सोडले. पुरुषांनी घसे खाकरले. तेवढ्यात मफलरवाल्या मंडळींतला शेवटचा माणूस धापा टाकत आला. म्हणजे गोष्टीचं काम झालं.

“ओल्या आहेत?” करड्या छत्रीनं विचारलं.

“आहेत.”

“तुम्हाला इथून दिसतात?”

“मन असलं की दिसतात.”

“असं होय,” तो म्हणाला, “मला वाटायचं, डोळे लागतात.”

गाईडला ठसका लागला. धंद्यात आल्यापासून तिला कोणी उत्तर दिलं नव्हतं. लोक फक्त फोटो काढत.

दुसऱ्या दिवशी तो परत हजर. तिसऱ्या दिवशीही. विणकरांच्या आळीत मागांची खटखट चालू असताना तो तिच्या कानाशी येऊन म्हणाला, “काल खलाशी डाव्या हातानं निरोप घेत होता. आज उजव्यानं.”

“एक हात दुखला असेल. किती वेळ हलवायचा माणसानं?”

“आणि जहाजाचं नाव?”

“ते तिनं मनात जपलंय. सगळं सगळ्यांना सांगायचं नसतं.”

“तुम्ही तर रोज सांगता.”

“तुम्हाला कोणी बोलावलं होतं ऐकायला?”

तो हसला. बेटांवरून आलेल्या लोकांच्या वस्तीत घरांचे दरवाजे बुटके आहेत. तिथे तिनं “डोकं सांभाळा” म्हणायच्या आत त्यानं तिच्या डोक्यावर, चौकटीला लावून, स्वतःचा पंजा धरला होता. तिचं डोकं त्या पंज्यावर आपटलं. रोज याच दारातून जाणारी ती, आज कशी काय आपटली? मनातल्या मनात तिनं दोघांची जमाबाजू लिहून काढली. त्याच्या खाती : एक पंजा, दोन टोमणे, भिजलेली एक बाही. बाही भिजली कारण छत्री जास्तीत जास्त तिच्यावर होती. तिच्या खाती : काहीच नाही, आणि झोप उडालेली.

धास्तीही होती म्हणा. कंपनीच्या मालकांचा एकच नियम होता : लोकांना खोटं सांगितल्याची एक तक्रार आली की बिल्ला परत. हा मालकांनी धाडलेला तपासनीस तर नव्हे? पण तपासनीस माणसं छत्री स्वतःवर धरतात. तेवढ्या हिशोबावर तिनं जीव भांड्यात पाडून घेतला.

आणि मग तो दिवस उजाडला. फेरी संपवून, गट पांगल्यावर ती परत त्या गल्लीतून निघाली होती. तो शेजारून चालत होता. चष्म्याच्या दुकानाशी तो थांबला. खिशातून किल्ली काढली. कुलूप उघडलं. फळी वर ढकलली.

“या,” तो म्हणाला. “आत्या वर आहे.”

“कोणाची आत्या?”

त्यानं निळ्या खिडकीकडे बोट केलं. “माझी.”

गल्ली तशीच होती, पाऊस तसाच होता, फक्त गाईडच्या अंगातलं रक्त कुठेतरी भलतीकडेच निघून गेलं होतं. बिल्ल्यावर तिचा हात आपोआप गेला. जणू तो आत्ताच कोणी काढून घेणार होतं.

“तुम्ही... चष्मेवाले?”

“तिसऱ्या पिढीचा. आणि खरं सांगू? तुमच्यासारखं गिऱ्हाईक समोर असताना इतके दिवस गप्प बसलो, हीच कमाल. बसा इथे.”

ती बसली. त्यानं भिंगं बदलायची जड चौकट तिच्या नाकावर ठेवली. एक भिंग, दुसरं भिंग. त्याची बोटं कानापाशी थांबली, जरा जास्तच थांबली...

“आता?”

“तसंच.”

“आता?”

आता तिला तो दिसला. इतके दिवस ज्याला ती बूट, छत्री आणि आवाज म्हणून ओळखत होती, त्याच्या हनुवटीवर एक जुना व्रण होता आणि पापण्या पोरींसारख्या लांब होत्या. ती बघतच राहिली. तो लाजला. तेही दिसलं.

“माझ्याकडे नको,” तो घाईनं म्हणाला. “दारात जा. वर बघा.”

ती दारात गेली. मान वर केली. निळ्या खिडकीत एक पोक्त बाई होती. केस विंचरलेले, खांद्यावर ठेवणीतली शाल, कानांत मोती. आणि डोळ्यांच्या कडा... खरंच ओल्या होत्या. बाई पोट धरून हसत होती.

“वर ये गं, खलाशीण!” खिडकीतून हाक आली.

गाईड जिना चढली. खोली नीटनेटकी होती. एक पलंग, एक आरसा, खिडकीशी एक खुर्ची. आत्यानं तिला पलंगावर बसवलं आणि आपण खुर्चीत बसली. न्यायाधीश बसतात तशी.

“पहिल्या दिवसापासून ऐकतेय. तुझा आवाज म्हणजे भोंगा आहे, पोरी. खलाशी! मला तळ्यातल्या होडीत बसवलं तरी भोवळ येते.”

“चुकलं माझं. मी—”

“चुकलं तर आहेच. चाळीस वर्षं मी एका बाप्याची वाट बघीन? त्यानं बघावी माझी!”

“आत्या,” चष्मेवाला दारातून म्हणाला.

“तू थांब. हिला कळू दे.” आत्या शाल सारखी करत म्हणाली. पण मग तीच वळली. खिडकीबाहेर बघत बसली.

राहिलेलं त्यानं खाली दुकानात सांगितलं, भिंगं पुसत पुसत. त्याचे वडील गेल्यापासून आत्या जिना उतरली नव्हती. भाऊ-बहिणीनं मिळून दुकान चालवलेलं. तो गेला आणि ही वर जाऊन बसली ती बसलीच. केस विंचरायची नाही, धड जेवायची नाही. आणि मग एका सकाळी शाल निघाली. मग मोती निघाले. रोज ठरल्या वेळी ती खिडकीत. विचारलं तर सांगेना.

“म्हणून शोध घ्यायला तुमच्या मागे लागलो. तिला कोण बघायला येतंय, ते बघायला.”

गाईडनं चौकट नाकावरून काढली. सगळं पुन्हा पुसट झालं. बरंच झालं.

“म्हणजे... माझ्यासाठी नव्हता येत.”

“पहिल्या दिवशी नव्हतो.”

“आणि नंतर?”

तो एकच भिंग पुसत राहिला. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं. ती उठली.

“उद्यापासून ही गोष्ट बंद. जिवंत माणसाला बघून झाल्यावर तिच्याविषयी खोटं नाही बोलवत मला.”

“पण गोष्ट बंद झाली की लोकांचं वर बघणं बंद होईल. ती परत...” त्यानं वाक्य सोडून दिलं. “मी तक्रार करणार नाही. कधीच. सांगत रहा ना.”

“बिल्ल्यासाठी नाही म्हणत मी.”

खण ओढून त्यानं एक तयार चष्मा काढला आणि तिच्या हातात ठेवला. “जवळपास हाच नंबर आहे. तुमचा होईपर्यंत हा घाला.”

दुसऱ्या दिवशी ती चष्मा लावून निघाली आणि शहरानं तिला धक्क्यावर धक्के दिले. छापखान्यांच्या गल्लीत दोऱ्यांवर वाळत घातलेले कागद पाच-पाच लिप्यांचे होते. तिला आजवर ती धुण्याची रांग वाटे. बेटवाल्यांच्या बुटक्या दारांवर मासे कोरलेले होते. आपण लोकांना दाखवत होतो ते नक्की काय, या विचारानं ती हबकून गेली.

मग थांबा आला. निम्मा गट मफलरींत अडकलेला. उरलेले तिच्या तोंडाकडे बघू लागले. चष्मेवाला दुकानाच्या दारात उभा होता, वर निळ्या खिडकीत शाल आणि मोती.

“हे...” ती म्हणाली. “हे चष्म्याचं दुकान. वर त्यांचं घर. बाकी... मला माहीत नाही.”

“एवढंच?” कोणीतरी विचारलं. “आमच्या शेजारणीनं सांगितलं होतं, इथे एक खलाशी—”

“खलाशी नव्हता. मी रचला होता तो. मागचे येईपर्यंत तुम्हाला उभं करायला.”

एका गृहस्थानं चष्मेवाल्याकडे असं पाहिलं जणू तोच खोटं बोलला होता. आणि वर, तिला आता सगळं स्पष्ट दिसत होतं : आत्याचा चेहरा हळूहळू बंद झाला. नंतर खिडकीही. धाडकन.

चष्मेवाल्याचा रंग उडाला. गाईडच्या डोळ्यांत पाणी आलं. दोघंही त्या बंद झडपांकडे बघत राहिले. मागची मफलरवाली मंडळीसुद्धा येऊन ठेपली तरी कोणी हलेना.

तेवढ्यात दुकानाच्या आतून जिना वाजला. एक पायरी. थांबून दुसरी. चष्मेवाला वळला आणि दाराला धरून राहिला.

आत्या खाली आली होती. एका हातात काठी, दुसऱ्यात छत्री.

“अशी तोंडं काय बघताय?” ती म्हणाली. “हिला काही माहीत नाही म्हणाली ना? खरंच नाही माहीत. मी याच गल्लीत जन्मले. रंगाऱ्यांची कोणती भांडणं कोणत्या ओट्यावर झाली, ते मला विचारा. चला!”

आणि सगळा गट, मफलरींसकट, तिच्यामागे निघून गेला.

गल्ली रिकामी झाली. एक चष्मेवाला, एक गाईड आणि वळचणीचं ठिबकणं.

“ती... उतरली,” तो म्हणाला.

“हो.”

“आणि गेलीसुद्धा.”

“माझा गट घेऊन गेली!” गाईड एकदम भानावर आली. “गट हरवला तर मालक मला दारात उभं करणार नाहीत!”

दोघं धावत सुटले. वळणावर तिचा पाय घसरला, त्यानं हात धरला, वळण संपलं तरी सोडला नाही. तिनं हेही त्याच्या खाती टिपून ठेवलं.

रंगाऱ्यांच्या आळीत ओली कापडं लोंबत होती. निळी, तांबडी, हळदी. त्यांच्यामध्ये एका उंच ओट्यावर आत्या उभी होती. गट भोवती कोंडाळं करून.

“...तर हा चष्मेवाला,” ती सांगत होती, “जन्मात कधी वेळेआधी दुकान बंद न करणारा. आणि आता गिऱ्हाइकं दारात चाचपडतायत आणि हा छत्री घेऊन त्या पोरीमागे चार-चार वस्त्या तुडवतोय. मला म्हणतो, तुझ्यासाठी चौकशी करतोय. चौकशी एका दिवसात होते. हा रोज जातो!”

“मग? बोलला का तिच्याशी?” एका मफलरवाल्या बाईनं विचारलं.

“इथपर्यंतच मला ठाऊक आहे,” आत्या म्हणाली. “पुढचं रचून सांगायचं नाही, असं आजच ठरलंय. त्यालाच विचारा. तो काय, आलाच.”

सगळ्या माना वळल्या. चष्मेवाला जागच्या जागी थिजला. गाईडच्या हातातला त्याचा पंजा गार पडला.

“मी...” तो म्हणाला.

“मोठ्यानं!” मागून कोणीतरी ओरडलं.

तो गटाकडे नाही, तिच्याकडेच वळला. “पहिल्या दिवशी आत्यासाठी आलो होतो. दुसऱ्या दिवसापासून... तुमच्यासाठी. काल भिंग पुसत बसलो, कारण तोंडातून शब्दच फुटेना. तुम्ही मला आवडता. दुकान बुडालं तरी चालेल इतक्या.”

तोंडाची फटकळ असलेली गाईड नाकावरचा चष्मा सारखा करत राहिली. कापडांतून लाल पाणी ठिबकत होतं. आत्यानं काठी ओट्यावर आपटली : “पोरी, लोक ताटकळलेत.”

“उद्यापासून दुकान बंद ठेवून माझ्या मागे यायचं नाही,” ती म्हणाली.

त्याचा चेहरा पार उतरला. गटातून “अरेरे” उमटलं.

“संध्याकाळी दुकान आवरलं की या,” ती म्हणाली. “तेव्हा गट नसतो. मी एकटीच फिरते.”