कीझायाने गळाला बांधलेलं पदक

रविवारी ब्रिमस्टन बंदरातल्या चर्चसमोर आपल्या मुलाला, अँब्रोझला, छातीवर पदक लावून उभं करायचंच, असा कीझाया बडजेलने चंग बांधला होता. युद्धात बुडालेल्यांचा स्मारकदगड तिथे उभा राहणार होता, आणि न्यूफाउंडलंडच्या त्या किनाऱ्यावर राजाचं रुपेरी पदक मिळालेला खलाशी एकच होता!

उत्तरेच्या समुद्रात, भर वादळात, वल्ह्याच्या होडीतून अँब्रोझने सात माणसं पाण्याबाहेर ओढली होती. आठवा त्याचा मित्र सायलस. तो हातातून निसटला. तेव्हापासून अँब्रोझ पदक जुन्या मोज्यात कोंबून ठेवी. कीझायाने ते हुडकलं, राखेने घासलं आणि स्वतःच्या खिशात टाकलं.

वाट दोन दिवसांची. सोमवारी तिघं निघाली. वल्ह्यांवर अँब्रोझ आणि जावई जेबेझ, सुकाणूवर कीझाया. मंगळवारी धुकं उतरलं, आणि धुक्यातून कुरकुरत बर्फाच्या लाद्या आल्या.

“आई, डावीकडे घे! लगेच!”

सूर्याच्या उलट होडी वळवायची? तो तर अपशकुन! तिच्या बापाने ते कधी केलं नव्हतं. नौदलात काहीही शिकवोत, असं पुटपुटत तिने उजवीकडे लांब वळसा घेतला. तेवढा वेळ नव्हता. धाडकन दोन लाद्या मिटल्या! मध्ये सापडलेल्या होडीच्या फळ्या फुटल्या. उड्या मारत, घसरत तिघं एका उघड्या खडकावर चढली. जेबेझचा घोटा मोडला.

वाचलं काय? मासेमारीची दोरी, दोन गळ, थोड्या फुटक्या फळ्या आणि कीझायाच्या खिशातली काडेपेटी. कॉड माशांना भुलवणारा शिशाचा चकचकीत नकली मासा मात्र तळाला गेला होता. नुसत्या गळाकडे कॉड ढुंकूनही बघेना. गुरुवारपर्यंत बर्फ चोखून झाला. जेबेझ तापाने बरळू लागला. अँब्रोझ आईला एका शब्दाने बोलला नाही. तेच तिला जास्त झोंबलं.

तिने खिशातून पदक काढलं, फीत सोडली आणि कडीत दोरी ओवून ते गळाला बांधलं.

“आई, ते राजाचं आहे.”

“राजा येतोय का जेवण घेऊन? वळण माझं चुकलं. झटक दोरी!”

एक झटका. दुसरा. तिसऱ्याला दोरी ताणली. कॉड! फुटक्या फळ्यांच्या जाळावर भाजलेला तो मासा कीझायाने आधी जेबेझला भरवला.

शनिवारी धुकं विरलं. दूर शीड दिसलं. तेवढ्यात एका दांडग्या माशाने हिसका दिला, दोरी खडकाच्या धारेवर घासली आणि तट्ट! पदक गेलं. अँब्रोझने तुटकी दोरी वर ओढून हाताला गुंडाळली.

“सायलसकडे गेलं,” तो हळूच म्हणाला.

त्या गलबताने तिघांना उचललं. रविवारी चर्चसमोर पाद्रीबुवांनी कीझायाला विचारलं की पदक कुठे आहे. सगळे कान टवकारून होते.

“कॉडने खाल्लं,” ती म्हणाली, “आणि आम्ही त्याचे भाऊबंद खाल्ले. जावयाला विचारा, जिवंत आहे तो.”

मागे उभ्या राहिलेल्या अँब्रोझला खुदकन हसू आलं. मग तो रिकाम्या छातीने पुढे गेला आणि सायलसच्या आईशेजारी उभा राहिला.