खरं धावणं

मंदाकिनी सुर्वे गाडीभोवती दोनदा फिरल्या. तिसऱ्या फेरीला त्यांनी दारावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, बाजारात नारळ वाजवून बघतात तसं.

"आई, पाणी आहे का बघतेस तिच्यात?" भिंतीशी बाकावर बसलेला हर्षद म्हणाला. त्याची पांढरी काठी मांडीवर आडवी होती. मुलाला दिसत नव्हतं, पण आईच्या शंका त्याला ऐकू येत.

"विकणारा गोड बोलायला लागला की मी वाजवून बघते," मंदाताई म्हणाल्या.

विकणारा, म्हणजे उदय पेडणेकर, आणखी गोड हसला. उरणच्या बंदरामागच्या या धाव-तपासणी केंद्रात गोड हसणारे रोज येत. परदेशातून आलेली वापरलेली स्वयंचारी, म्हणजे चालकाशिवाय धावणारी, गाडी इथल्या दाखल्याशिवाय विकता येत नसे, आणि दाखल्यात बघायचं ते एकच, गाडी खरोखर किती धावली आहे. मंदाताईंच्या तरुणपणी लबाड लोक मीटर मागे फिरवत. आता पुढे फिरवत. जग उलटं झालं होतं, लबाडी तेवढी शाबूत होती.

"मला एक सांगा डॉक्टर," मंदाताई म्हणाल्या. "हिच्या मीटरवर चार लाख किलोमीटर आहेत. आमच्या वेळी असली गाडी भंगारवाल्यानंसुद्धा हात जोडून परत पाठवली असती. आणि हे तिचे नवीपेक्षा जास्त मागतायत."

डॉ. पुरंदर शेजवळ यांनी चष्मा कपाळावर चढवला. ते धातुशास्त्रज्ञ, केंद्राचे प्रमुख, आणि समजावून सांगण्याची संधी सोडणारे नव्हेत.

"ताई, नवी कोरी स्वयंचारी गाडी भित्री असते. रस्त्यावर पिशवी उडाली, ब्रेक. झाडाची सावली हलली, ब्रेक. माणगावहून महाडला पोचेपर्यंत तुमच्या मुलाची मान कामातून जाईल. गाडीचा चालक-मेंदू धावता धावता शिकतो. समोर काही दिसलं, गाडी त्यातून पार गेली आणि धक्का बसला नाही, तर तो त्याला आभास समजतो. हजारो वेळा तसं झालं की त्याच्यासाठी थांबणं सोडून देतो. अनुभव म्हणजे तरी काय? कशाकडे दुर्लक्ष करायचं ते कळणं."

"आणि धक्का बसला तर?"

"तर गाडी जागच्या जागी थांबते. हा कायद्याचा नियम आहे, मेंदूला तो पुसता येत नाही. आणि धक्क्याचा धडा एकदाच पुरतो. ज्याचा धक्का बसला ते पुन्हा समोर दिसलं, की ते तिथून हलेपर्यंत गाडी हलायची नाही."

"दुसऱ्या गाड्यांचं काय?" हर्षदनं विचारलं.

"गाड्या एकमेकींशी बिनतारी बोलतात, त्यामुळे गाडीला गाडी लागत नाही. तिचे कॅमेरे हवेत ते माणसांसाठी, गुरांसाठी."

"आणि दादा, तुम्ही उतरलात ना," पेडणेकर मध्येच म्हणाला, "की ही आपणहून पुढे जाऊन सावलीत उभी राहते. तुम्हाला काही बघायला नको."

हर्षदला हेच हवं होतं. महाडच्या एका हॉस्पिटलात त्याला फिजिओथेरपिस्टची नोकरी लागली होती. येत्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. बसथांब्यावर कुणाचा तरी हात धरून, कुणाची तरी वाट बघत जाणं त्याला आता नको होतं. आईनं सोबत येऊ का विचारलं तेव्हा तो दोन दिवस बोलला नव्हता. गाडी मिळाली तर तो स्वतःच्या पायावर उभा राहणार होता. पण त्या गाडीत बसून त्याला समोरचं काही दिसणार नव्हतं. गाडी जे बघेल तेच त्याचं बघणं. म्हणून मंदाताई तिसरी फेरी मारत होत्या.

डॉक्टरांनी पुढच्या चाकाला शीणमापक लावला. "मीटर खोटं बोलतो, पोलाद बोलत नाही. चाकाचं बेअरिंग फिरतं तसा त्यातल्या धातूला शीण येतो. त्याचे चुंबकीय वण राहतात, ते हे यंत्र वाचतं." पडद्यावर आकडा स्थिरावला. "मीटरवर आहे तेवढंच. गाडी खरी आहे."

"मी काय म्हणत होतो?" पेडणेकर म्हणाला.

"हिच्याच जहाजातून आलेली एक मी माझ्या मुलीला घेतलीय, गेल्याच आठवड्यात," डॉक्टर म्हणाले. "ऋजुता म्हणते, पोटातलं पाणी हलत नाही. आठवड्याभरात गाडीनं एकदा म्हणून ब्रेक लावला नाही. लोकच आपणहून बाजूला होतात म्हणे. ती येईलच आता माझा डबा घेऊन, तिलाच विचारा."

झालं. मंदाताईंना नेमकं इथेच पाणी मुरताना दिसलं. तपासणारा आणि विकणारा एकाच जहाजाचं कौतुक करायला लागले, म्हणजे चोर चोर मावसभाऊ. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत नारळ होता, चाकांखाली ठेवायची लिंबं होती, कुंकवाची डबी होती. हर्षदनंच हट्टानं घ्यायला लावली होती. त्यांनी पिशवी काखेत घट्ट धरली आणि पुढच्या काचेवरून तळहात फिरवला.

"डॉक्टर, आमच्या माणगावची साधी रिक्षा. वर्षभरात खडे लागून तिच्या काचेचे टवके उडतात. ही चार लाख किलोमीटर धावली, आणि हिला एक खडा लागला नाही?"

"काच बदलली असेल," पेडणेकर म्हणाला.

डॉक्टरांनी काचेच्या कोपऱ्यातला क्रमांक बघितला. काच मूळचीच होती. त्यांनी चष्मा खाली घेतला, गाडीखाली वाकून बघितलं. चिखलाचा डाग नाही, गंजाचा ठिपका नाही. मग त्यांनी शीणमापक काढून चाकं वळवणाऱ्या सांध्यावर लावला. आकडा शून्याच्या आसपासच घुटमळत राहिला. त्यांनी यंत्र पुसून पुन्हा लावलं.

"काय झालं?" हर्षदनं विचारलं.

"चाकं चार लाख किलोमीटर फिरलीत," डॉक्टर सावकाश म्हणाले. "पण ही गाडी कधी डावीकडे वळली नाही की उजवीकडे."

"एवढा सरळ रस्ता आहे कुठे?" मंदाताई म्हणाल्या.

"शेडमध्ये. चाकांखाली फिरते रूळ ठेवायचे आणि गाडी जागेवरच पळवायची. माणूस नको, विम्याची भानगड नको, दिवसरात्र आकडा वाढत राहतो. मीटर खरा, पोलाद खरं. पेडणेकर, तुम्हाला माहीत होतं?"

"आईशप्पथ नाही, सर." तो या वेळी हसला नाही, म्हणून मंदाताईंनी त्याच्यावर विश्वास ठेवला. "पण भिंत बघून गाडी चालेल कशी?"

"नाहीच चालणार. म्हणजे समोर पडदा लागतो. पडद्यावर रस्त्याची चित्रफीत. रस्ता, झाडं, आणि..." डॉक्टर बोलता बोलता थांबले. त्यांचा चेहरा बदलला. "आणि माणसं."

हर्षद म्हणाला, "सुरुवातीला तिनं ब्रेक लावला असेल ना?"

"लावला असेल. पण रूळ फिरतच राहिले असतील, चित्रफीत पुढे सरकतच राहिली असेल. माणूस अंगावर आला, आरपार गेला, धक्का बसला नाही. असं हजारो वेळा झालं, हर्षद."

अंगणात उन्हानं डोळे दिपत होते. डॉक्टरांनी खुंटीवरचा पिवळा रेनकोट एका स्टँडवर चढवला, वर हेल्मेट ठेवलं आणि ते बुजगावणं फाटकाच्या वाटेवर उभं केलं. रिकाम्या गाडीला फाटकापर्यंत जायला सांगितलं. गाडी निघाली. तिनं वेग वाढवला नाही, कमीही केला नाही. रेनकोटवर आदळली आणि तिथेच थांबली.

"थांबली?" हर्षदनं विचारलं.

"थांबली," मंदाताई म्हणाल्या. "लागल्यावर थांबली."

पेडणेकरनं घाईघाईनं बुजगावणं पुन्हा उभं केलं, गाडी मागे घेऊन परत सोडली. या वेळी ती रेनकोटापासून चांगली लांब थांबली. "बघा, शिकली की हो," तो म्हणाला.

डॉक्टरांनी रेनकोट काढून बुजगावण्यावर स्वतःचा निळा कोट चढवला. गाडी आली आणि सरळ आदळली.

"पिवळा रेनकोट खरा असतो, एवढंच शिकली," ते म्हणाले. "एकेक माणूस तिला असाच शिकवावा लागेल."

मंदाताईंना वाईट वाटलं. शंका खरी निघाल्याचा आनंद होईल असं त्यांना वाटलं होतं, तो झाला नाही. हर्षद उठला. "रिक्षा मिळते का बघतो," एवढंच म्हणून तो काठी टेकत उघड्या फाटकाच्या दिशेनं चालू लागला. त्यांनी त्याला थांबवलं नाही. त्याला या क्षणी कुणाचा हात नको होता.

डॉक्टर खिशात फोन चाचपत होते. याच जहाजातल्या बाकीच्या गाड्यांच्या दाखल्यांवर त्यांचीच सही होती, आणि त्या सगळ्या आता रस्त्यावर होत्या. कुणाला आधी सांगायचं याचा विचार करता करता त्यांचं लक्ष फाटकाकडे गेलं.

तशीच एक पांढरी गाडी आत वळली होती. मागच्या सीटवर ऋजुता मांडीवर डबा घेऊन बसली होती आणि मान खाली घालून फोनमध्ये बघत होती.

"हर्षद, बाजूला हो," डॉक्टर म्हणाले, पण ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही. हर्षदला चाकांखालची खडी वाजलेली ऐकू आली होती. तो जागीच उभा राहिला. गाडी आली की थांबायचं, मग ती आपल्याला बघून थांबते, हे तो लहानपणापासून शिकलेला होता. गाडीचा वेग कमी झाला नाही.

मंदाताईंनी पिशवीत हात घातला. हाताला जे लागलं ते त्यांनी गाडीपुढे फेकलं, त्यासोबत कुंकवाची डबीही उडाली. नारळ गडगडत पुढच्या चाकाखाली गेला, कडकन आवाज झाला, गाडीला हिसका बसला आणि ती थांबली. हर्षदच्या काठीचं टोक तिच्या बंपरला टेकलं होतं. नारळाची एक कवड चाकाखाली चिरडली होती. दुसरी उडून गाडीसमोर वाटेत पडली होती.

"आई?" हर्षद म्हणाला.

मंदाताईंनी धावत जाऊन त्याला दंडाला धरून बाजूला ओढलं. या वेळी त्यानं हात सोडवून घेतला नाही.

दार उघडून ऋजुता उतरली. समोर काय घडलं हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. कुंकवाची सांडलेली डबी आणि पांढरं खोबरं बघून ती हसली. "अरे वा, माझ्या गाडीची पूजा? घरी राहूनच गेली होती." तिच्यामागे दार आपोआप बंद झालं. प्रवासी उतरला होता. पलीकडे बदामाच्या झाडाखाली सावली होती, आणि गाडीचं इंजिन हलकं गुणगुणत होतं.

मधे फक्त ती कवड होती. ऋजुता गाडीसमोर आली आणि ती उचलायला खाली वाकली.

"ऋजुता," डॉक्टर म्हणाले. अंगातला सगळा धीर एकवटून ते अगदी हळू बोलले. "हात मागे घे बाळा. तो नारळ हलवू नकोस."