दिवटीविना छबिना

उद्या रात्री भैरवनाथाचा छबिना, पालखी निघेल. तुम्ही पोरं मोबाइल घेऊन पालखीपुढं उलटं चालणार, म्हणून आजच सांगतो. ऐकीव नाही हे. फोटोवाला ज्ञानेश माझ्या मावसभावाचा मुलगा.

साल दोन हजार तेवीस. चैत्र वद्य अष्टमी, गुरुवार. दुपारी मी आणि तो चाकणला झेंडूची फुलं आणायला गेलो. येताना शिफ्ट सुटलेली, कंपन्यांच्या बसमागं तासभर अडकलो. गाडीवर मागं पोतं धरून बसलेला ज्ञानेश म्हणाला, "काका, यंदा छबिन्याचे फोटो बघा कसे येतात. धूर नाही, काही नाही."

मी हॉर्न वाजवला.

पालखीपुढं दिवटी धरायचा मान सावित्रीबाईच्या घरचा. नवरा गेल्यावर सव्वीस वर्षं तीच धरायची. तेलाची बुधली कमरेला, पाय अनवाणी. आदल्या वर्षीची यात्रा झाली आणि ज्ञानेशनं कमिटीत तक्रार केली. दिवटीच्या जाळानं फोटो पांढरे पडतात, धुरात देव दिसत नाही. आम्ही सात जण कमिटीत. ठरलं, पुढच्या वर्षीपासून जनरेटर आणि मोठे लाइट. म्हातारीला बोलावून सांगितलं.

ती एवढंच म्हणाली, "लाइट गेली तर देवाला वाट कोन दावंल?"

सगळे हसले. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. लहानपणी तिच्या हातच्या भाकरी खाल्लेला मी... मी चहाचा कप उचलला.

त्याच वर्षी आषाढात म्हातारी गेली. आजार काही नव्हता.

तर ती रात्र. पावणेबाराला पालखी गावाबाहेर, कंपनीच्या भिंतीकडच्या रस्त्याला लागली. पुढं ओढ्यावरचा पूल, त्याला कठडा नाही. ज्ञानेश सगळ्यांच्या पुढं, फोटो काढत.

जनरेटर बंद पडला.

ढोल थांबले. टॉर्च लावायला हात खिशात गेले, आणि तिथंच राहिले. कारण पुढं उजेड दिसला. पिवळा. हलणारा. माणसाच्या छातीइतका उंच... आणि खाली धरणारं कुणी नाही.

उजेड चालू लागला. कुणी सांगितलं नाही, पण पालखीही चालू लागली. ज्ञानेश वळून उजेडामागं, त्याच्यामागं पालखी, पालखीला धरून मी. पायांचा आवाज तेवढा.

उजेड थांबला.

ज्ञानेशनं सवयीनं कॅमेरा डोळ्याला लावला.

"आजी...?"

मग आवाज आला. रागाचा नाही. घरी आलेल्याची विचारपूस करावी तसा.

"आता धूर येत न्हाई न्हवं, बाळा?"

त्यानं बटण दाबलं. फ्लॅश पडला.

रस्ता रिकामा.

जनरेटर सुरू झाला तेव्हा पालखी पुलापलीकडं होती. पूल कधी ओलांडला, एकालाही सांगता येईना. तेवढ्या अंधारात कुणाचं पाऊल चुकलं नाही.

ज्ञानेशनं स्टुडिओ बंद केला. आता कंपनीत आहे, रात्रपाळी घेत नाही. आणि आमच्या कमिटीनं काय केलं? पुढच्या वर्षी आणखी मोठा जनरेटर आणला. माझीही सही आहे त्या ठरावावर.

त्या रात्रीचा शेवटचा फोटो त्यानं मला एकट्याला दाखवला. त्यात उजेड नाही, रस्ता नाही. त्यात ज्ञानेशच आहे. समोरून काढलेला. कॅमेरा डोळ्याला लावलेला, हातांवर पिवळा उजेड. फोटो त्याच्याच कॅमेऱ्यातला, आणि कॅमेरा त्याच्याच हातात.

त्याच्यामागं पालखी. पालखीशेजारी मी.

पोरांनो, त्या वेळी मी समोरच बघत होतो. डोळे फाडून. देवाची शपथ.

फोटोत माझी मान खाली आहे.