मेरूपाशी अडलेला चारुदत्त

नामस्मरणात बसलेल्या माणसाला देह राहत नाही, गाव राहत नाही, भूक तर मुळीच राहत नाही. चारुदत्त मात्र जपाला बसला तो थालीपिठाच्या वासामुळे.

१९५३ साली कस्टम्समध्ये बदली होऊन तो पुण्याहून थेट बंगालात, खिदिरपूरच्या बंदरावर आला. एका संध्याकाळी भवानीपुरात ट्राममधून उतरला, तर कुठल्याशा जिन्यातून तो ओळखीचा खमंग वास. वासामागून तो वर गेला. दार उघडंच होतं. आत श्यामकांत नावाचे निवृत्त बँक अधिकारी आणि चार-पाच मंडळी डोळे मिटून माळ ओढत बसलेली. तो मागे वळणार, तोच त्यांची मुलगी कालिंदी हातात उलथनं घेऊन बाहेर आली.

“जपाला आलात?” ती कुजबुजली.

खरं सांगायची लाज वाटली. “हो…”

तिने तुळशीची माळ त्याच्या हातात ठेवली. बोटाला बोट लागलं. “श्वास घेताना नाम, सोडताना नाम. तर्जनी लावायची नाही. हा मोठा मणी म्हणजे मेरू. तो ओलांडायचा नाही, इथून माळ उलटी फिरवायची. आणि मधे बोलायचं नाही. बाबांना खपत नाही.”

“आणि श्वास चुकला तर?”

“आत्ता चुकलाय तसा?” म्हणून ती आत गेली.

तो दर गुरुवारी येऊ लागला. पावसाळा गेला, दुर्गापूजा झाली, हवेत गारवा आला. जिन्यात, चपला घालता घालता, दोघांचं जे ठरायचं ते ठरलं. फक्त बाबांना सांगणं राहिलं. ते काम चारुदत्तचं होतं, म्हणून राहिलं.

“रविवारी नागपूरचे लोक मला पाहायला येताहेत,” एका गुरुवारी कालिंदी म्हणाली. “बाबांनी होकार दिला की संपलं. आज बोला.”

“बोलतो. एवढी माळ होऊ दे… श्वास जरा स्थिर झाला, की—”

मंडळी उठून गेली. श्यामकांत समोर डोळे मिटून बसलेच होते. मेरू आला. चारुदत्तने तोंड उघडलं आणि माळ फिरवली.

पुन्हा मेरू आला. पुन्हा फिरवली.

“धुत्!” कालिंदी बंगालीत वैतागली. बाहेर येऊन त्याच्या शेजारी बसली आणि दातओठ खात मराठीत म्हणाली, “मेरू ओलांडायचा नाही म्हणजे जन्म तिथंच काढायचा, असं नाही!”

त्याने केविलवाणी मान हलवली. माळ चालू होती ना, बोलणार कसा?

पुढच्या फेरीला तिने मेरू सरळ चिमटीतच धरला. माळ पुढेही जाईना, मागेही येईना.

“काका,” चारुदत्त म्हणाला, “मला कालिंदीशी—”

“श्वास सोडा आधी,” श्यामकांत डोळे न उघडता म्हणाले.

त्याने सोडला. “—लग्न करायचंय.”

“माहीत आहे. ही दाराशी आली की तुमचा श्वास चुकतो. आश्विनापासून ऐकतोय.”

“मग बोलला का नाहीत, बाबा?” कालिंदी ओरडलीच. “मी इथं रोज मरतेय!”

“माळ चालू होती,” श्यामकांत म्हणाले. “नागपूरला उद्या तार करतो.”

चारुदत्तने तिच्याकडे पाहिलं. माळ दोघांच्या बोटांत गुंतली होती… कुणीच सोडवायला गेलं नाही.

लग्न माघात झालं. श्वास आता चुकत नाही; चारुदत्त घोरतो.