हे नाव आधीच चालू आहे

निहार, तो मोबाइल उलटा ठेव. ऋता, तू गच्चीच्या कठड्यावरून उतर आणि इकडे माझ्या बाजूला बस. आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. सगळी नोकरी कंप्युटरमध्ये गेली, रात्र-रात्र सर्व्हर रूममध्ये एकटा बसलोय, उंदरांशिवाय कोणी भेटायला आलं नाही. पण प्रबुद्धचं जे झालं, त्यातलं बरंचसं मी माझ्या कानांनी ऐकलंय. तेव्हा मध्ये खिदळायचं नाही. खिदळायचं असेल तर लिफ्ट चालू आहे, खाली जा.

प्रबुद्ध माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा. मूळचा अकोल्याकडचा, राहायला वाकोल्याला. बायको दर्शना आणि एक तान्ही मुलगी. घर म्हणजे बाहेरची खोली आणि आत स्वयंपाकघर, संपलं. २०२४ची गोष्ट, चौदा डिसेंबर, शनिवार. त्या दिवशी दत्तजयंती, म्हणजे चांगली पौर्णिमा होती. अमावस्या वगैरे काही नाही. अंधेरीला एमआयडीसीत एका कुरियरवाल्यांचं ऑफिस आहे, तिथे त्याला रात्री काम होतं. दर्शनाला म्हणाला, जेवण झाकून ठेव, येतोच.

काम साधं होतं. त्यांचा जुना सर्व्हर मरायला टेकलेला, त्यातलं व्हर्च्युअल मशीन नव्या सर्व्हरवर न्यायचं. व्हर्च्युअल मशीन म्हणजे, ऋता, ज्याला स्वतःचा डबा नाही असा कंप्युटर. मोठ्या कंप्युटरच्या पोटात सॉफ्टवेअरने बनवलेला. त्याची हुबेहूब कॉपी काढायची, तिला म्हणतात क्लोन. मग मूळचं मशीन बंद करायचं आणि क्लोन चालू करायचा.

प्रबुद्धने मूळ मशीन बंद केलं, क्लोन चालू केला. तो काही उठेना. आधी जुनीच डिस्क शोधत बसला. हे नेहमीचंच. आपण क्लोन आहोत हे क्लोनला माहीत नसतं, तो आपला जुन्या घरातल्या वस्तू शोधत राहतो. प्रबुद्धने त्याला नवी डिस्क दाखवली. तो जरा पुढे सरकला आणि पुन्हा अडकला. स्क्रीनवर एकच ओळ. या नावाचं मशीन आधीच चालू आहे.

त्याला वाटलं जुनं नीट बंद झालं नसेल. त्याने जुन्या सर्व्हरची वायरच काढली. तरी तीच ओळ. मग त्याने नेटवर्कवर त्या नावाला हाक देऊन बघितली, आम्ही देतो तशी, कोणी आहे का म्हणून.

उत्तर आलं.

तेव्हा त्याने मला उठवलं. मी आधी चार शब्द सुनावले, मग विचारलं, जुनं बंद केलंस ना नक्की?

"सर, वायर माझ्या हातात आहे."

मी म्हटलं, अरे मग दुसरं काहीतरी ते नाव धरून बसलंय. एका नावाची दोन मशीनं एकत्र चालत नाहीत. जे आधी उठतं ते नाव धरून बसतं, दुसऱ्याला आत येऊ देत नाही. क्लोनचं नाव बदल, उठेल मुकाट. तो हो म्हणाला, पण फोन ठेवेना. म्हणाला, सर, लाइनवर राहा, खाली जाऊन चहा बघतो. त्याचा आवाज मला आवडला नाही.

खाली काशीराम वॉचमन होता. तो याला बघून उभाच राहिला. मला फोनवर स्पष्ट ऐकू आलं.

"साहेब, तुम्ही परत कधी आलात? मघाशी तर रिक्षात बसून गेलात. मी सलाम केला, तुम्ही बघितलं पण नाही."

प्रबुद्ध हसला. मग हसायचा थांबला. मघाशी म्हणजे कधी, विचारलं. काशीरामने सांगितलेली वेळ क्लोन पहिल्यांदा चालू केला तेव्हाची होती.

त्याने दर्शनाला फोन लावला. मला सोडलं नाही, तिला आमच्याच कॉलमध्ये जोडलं. ती कुजबुजत बोलली.

"काय रे, आतून फोन कशाला करतोस? झोपेल ना ती आता."

"आतून...?"

"तू घेतलीस ना तिला. किचनमध्ये थोपटतोयस..."

मी कान देऊन ऐकलं. लांबून आवाज येत होता. थप... थप... थप...

"प्रबुद्ध?" दर्शना म्हणाली.

"हां," प्रबुद्ध म्हणाला, माझ्या कानात.

"हां," तिकडून, किचनमधून. आवाज तोच.

पोरांनो, मी घाबरलो. माझ्या बिछान्यात, दिवा लावलेला असताना घाबरलो. मुलगी त्या किचनमधल्याच्या हातात होती. आणि तो आधी पोहोचला होता.

प्रबुद्ध अगदी हळू बोलला. "दर्शना, माझं नाव घेऊ नकोस. त्याला दुसरं नाव दे. कुठलंही... पण दुसरं."

थप... थप...

घरात, नात्यात कोणाचंच नाही असं नाव तिने घेतलं.

"केतन... तिला इकडे दे."

थोपटणं थांबलं.

काहीच नाही...

काहीच नाही...

मग मुलगी रडली. मोठ्याने. अगदी फोनजवळ.

"दिली," दर्शना म्हणाली. "त्याने... दिली."

फोन खाली पडल्याचा आवाज आला आणि कॉल कट झाला.

प्रबुद्ध वाकोल्याला पोहोचला तर दाराला आतून कडी. त्याने नाव सांगितलं, दर्शनाने उघडलं नाही. उजाडू दे, एवढंच म्हणाली. त्याला राग आला नाही. दाराच्या आत ती मुलीला घेऊन बसली, बाहेर हा पाठ टेकून बसला. सकाळी शेजारच्या द्रौपदी मावशींनी बाहेरून सांगितलं, अगं, एकटाच आहे, तेव्हा कडी निघाली. किचनमध्ये कोणी नव्हतं. खिडकीला जाळी होती, ती जागच्या जागी.

अंधेरीला सोमवारी दुसऱ्या मुलाला पाठवलं. नवं मशीन व्यवस्थित चालू होतं, केतन या नावाने. त्याचं नाव कोणी बदललं हे त्या मुलाने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आठवड्याभराने मी त्यांच्याकडे गेलो. दर्शनाने मुलीचं झबलं वर केलं. पाठभर एक पंजा उमटलेला. फिकट, निळसर, पाचही बोटं. दुखत नाही, खाजत नाही. डॉक्टरांनी मलम दिलं, त्याने काही झालं नाही. माझ्यासमोर प्रबुद्धने त्यावर आपला हात ठेवला. बोटावर बोट बसलं.

तो तिला कडेवर घेतो, फिरवतो, भरवतो. झोपवते मात्र दर्शनाच. आता ती धावते, बोलते. पाठ रुंद झाली तिची. पंजा मात्र आहे तेवढाच आहे, गेल्या रविवारी पाहिला मी.